समुद्राचा मुक्काम कुरुंदा

समुद्र शोधायला माणसं पश्चिमेकडे जातात. मी पूर्वेकडे गेलो. तेही एप्रिलच्या अखेरीला, मराठवाड्यात, सोबत मालवणी मुलखातला एक मच्छीमार घेऊन. हसा, खुशाल हसा. पण समुद्र मला सापडला. हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यात, कुरुंद्याच्या शिवारात तो एका बारवेत, पायऱ्यांच्या विहिरीत, उतरला होता आणि पश्चिमेच्या भिंतीवर टकटक करत होता.

निघण्याआधी

गोष्ट दोन हजार सालानंतरच्या एका तापलेल्या उन्हाळ्यातली. मी किनाऱ्यावरच्या एका लहानशा कचेरीत समुद्राची नाडी बघत असे. आमच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली पोवळ्यांचा एक पट्टा आहे. माशांचं बाळंतघरच ते. त्याच्या शेजारी आम्ही मोठ्या भोपळ्याएवढा एक पांढरा गोळा नांगरून ठेवला होता. तो पाण्याचं तापमान मोजायचा आणि डोक्यावरून उपग्रह गेला की त्याला सांगायचा. उपग्रहाकडून कागद आमच्याकडे यायचा आणि मी तो वहीत उतरवायचो.

वहीला दोन रकाने. तापमान आणि जागा. तापमान मी मन लावून लिहायचो. जागेच्या रकान्यात मात्र रोज एकच शब्द: ‘मागीलप्रमाणे’. गोळा नांगरलेला, तो जाणार कुठं?

या वहीवर एक समिती चालायची. मत्स्य, वन, बंदर आणि पर्यटन अशी चार खाती. ही चौघं एका टेबलाशी यावीत म्हणून कितीजणांनी चपला झिजवल्या होत्या. ठरलं होतं ते सोपं होतं: पाणी ठरावीक रेषेच्या वर पंधरा दिवस राहिलं की पावसाळी बंदी लागेपर्यंत पोवळ्यांच्या पट्ट्यात जाळी नाही, नांगर नाही, सहलीच्या होड्या नाहीत. तापलेल्या पोवळ्याला निदान वरून घाव तरी बसू नयेत. चारही खात्यांचा भरवसा एका कागदावर, आणि तो कागद माझा.

त्या वर्षी सगळा किनारा घामानं निथळत होता आणि माझ्या वहीतला समुद्र होता सव्वीस अंश. फेब्रुवारीत सव्वीस, मार्चमध्ये सव्वीस, एप्रिलमध्येही सव्वीस. इतका शहाणा समुद्र मी आयुष्यात पाहिला नव्हता.

मग एका सकाळी भिकाजी आला. भिकाजी म्हणजे आमच्या बंदरावरचा जुना तांडेल, होडीचा कारभारी. पन्नाशी ओलांडलेला, बोलण्यात मिरची. त्यानं माझ्या टेबलावर मूठ उघडली. मुठीत पोवळ्याचा तुकडा होता, हाडासारखा पांढरा.

“सायबानू, पाणी तापलां आसा. पोवळी पांढरी पडतत. बंदी कधी घालतलात?”

“यंत्र सव्वीस सांगतंय, भिकाजी.”

“यंत्राक सांगा, एकदा माझ्यावांगडा बुडी मार.”

तो गेला. तुकडा टेबलावर तसाच राहिला. मी उगीच छापील कागद काढले आणि आयुष्यात पहिल्यांदा जागेचे आकडे वाचले. आकड्यांशेजारी चांदणी होती. आमच्या यंत्रात चांदणीचा अर्थ ‘ही जागा जमिनीवर आहे’. कचेरीचा रिवाज असा, की चांदणी ही उपग्रहाची चूक. समुद्रातला गोळा काही जमिनीवर येत नाही. तेव्हा लिहा मागीलप्रमाणे. मी पानं मागं उलटत गेलो. चांदणी, चांदणी, चांदणी. जानेवारीच्या मध्यापासून सगळंच चांदणं.

पोरांच्या शाळेचा नकाशा काढला. पहिली चांदणी कोल्हापूरच्या आसपास. मग सोलापूर. मग परभणी. आणि मग तीन महिने एकाच जागी.

मी तीन महिने चार खात्यांना कुठल्या पाण्याची खबर देत होतो, देव जाणे. आठवड्यानं समितीची बैठक होती, त्या उन्हाळ्यातली शेवटची. गोळा पुराव्याला हातात नसेल तर कुणी माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवला नसता. मी भिकाजीला गाठलं आणि खरं सांगितलं. त्यानं हातातलं जाळं खाली ठेवलं.

“चला,” तो म्हणाला. “तुमचो समुद्र बघूक माका येवकच व्हया.”

चांदण्यांच्या वाटेनं

आम्ही गोळ्याच्याच वाटेनं गेलो. कोल्हापूर, सोलापूर, परभणी. प्रत्येक स्थानकावर मी कागद काढून बघायचो आणि माझ्या अंगावर काटा यायचा, कारण तारखेनिशी आणि वेळेनिशी गोळा आमच्या आधी तिथं येऊन गेलेला. परभणीच्या बाकड्यावर भिकाजी म्हणाला, “हयसर बसलो असतलो,” आणि आम्ही दोघंही जरा सरकून बसलो.

जेवणाचे मात्र हाल. भिकाजीनं रुमालात सुकट बांधून आणली होती. वसमतच्या एका खानावळीत ज्वारीची टम्म भाकरी, पिठलं आणि ठेचा आला. त्यानं भाकरीवर सुकट उलटली, तसे शेजारचे दोन पाहुणे ताटं घेऊन पलीकडच्या टेबलावर गेले. ठेच्याचा पहिला घास घेतल्यावर मात्र भिकाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. “ह्या लोकांका समुद्र कशाक व्हयो? तोंडातच वणवो पेटवतत.”

जिल्हा तेव्हा नवा होता. काही पाट्यांवर हिंगोली, काहींवर अजून परभणीच. काळीपिवळी जीप आम्हाला कुरुंद्यात सोडून गेली तेव्हा बरोब्बर बारा वाजले होते.

आमच्याकडे भर दुपारचे बारा ही बाहेरची, भुताखेतांची वेळ मानतात. कुरुंद्यात ती वेळ पिवळी असते, हे मला माहीत नव्हतं. हळद शिजवून अंगणाअंगणांत वाळत घातलेली. रस्ता पिवळा, उंबरे पिवळे. एक कुत्रं सावलीला पडलं होतं, तेही पिवळं. वारा नव्हता. रस्त्यावर माणूस नव्हतं. कुठंतरी हळद घासायचं पिंप फिरत होतं, त्याची घरघर तेवढी ऐकू येत होती, आणि तीही आम्ही चौकात पोचलो तशी थांबली.

चहाच्या टपरीत एक म्हातारा बसला होता. आता विचारावं कसं? “बाबा, इथं समुद्र कुठं आहे” असं विचारलं तर माणूस आपल्याला वेडं ठरवून नरसीच्या देवळात नेऊन बसवेल. मी दोन्ही हातांनी हवेत गोळा काढून दाखवला.

“समुद्र बघाया आले का?” म्हातारा सहज म्हणाला. “गुर्जीच्या बारवात हाय. सरळ जा, लिंबापाशी वळा. चपला वरीच काढा.”

बारव

गुरुजी म्हणजे यशवंत गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. दारावर निळी पताका, आत भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली फळा. घरातसुद्धा फळा! आम्ही जयभीम घातला, पाणी प्यालो, आणि मी आलो त्याचं कारण सांगायला सुरुवात केली. ते अर्धवट ऐकून गुरुजींनी आतल्या दाराकडे पाहिलं. “रमा, समुद्रवाले आले बघ.”

रमा म्हणजे त्यांची सून. उंच, शांत बाई. ती दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली आणि एकच बोलली: “न्याया आले का?”

हकिकत अशी. गुरुजींचा मुलगा मिलिंद आमच्याच किनाऱ्यावर एका मोठ्या होडीवर खलाशी होता. जानेवारीत सुट्टीवर आला तो हा गोळा घेऊन. नांगराचा दोर तुटून वाहत चाललेला, त्यानं उचलला होता. एस्टीत खिडकीशी बसवून आणला. मिलिंद आठ दिवस राहिला. निघताना त्यानं गोळा स्वतः बारवेत सोडला आणि रमाला म्हणाला, “याला कोरडं ठिवू नको. मी बी पाण्यातच हाय.”

दर रविवारी चौकातल्या एसटीडीवर त्याचा फोन यायचा. मार्चपासून आला नव्हता.

“मंग हे लोक म्हणतेत,” गुरुजी म्हणाले, “की गोळा वल्ला हाय तवर पोरगं हाय. अडाणी लोक! आमी असलं मानत न्हाई.”

“मग गोळा वर काढायला हरकत नाही तुमची?”

गुरुजींनी उपरणं झटकलं. “मानत न्हाई. पण काढत बी न्हाई.”

आम्ही बारव बघायला गेलो. लिंबाखालून दगडी पायऱ्या उतरत होत्या. दहा पायऱ्या उतरलो आणि ऊन संपलं. वीस उतरलो आणि घाम थंड झाला. पाणी काळंशार, थरथरसुद्धा नाही. आणि पश्चिमेच्या भिंतीला चिकटून तो पांढरा गोळा. दगडावर आपटत होता. टक. जरा थांबून, टक.

“वारा नाही,” मी म्हणालो.

“वारा न्हाईच येत खाली,” रमा म्हणाली.

भिकाजीनं कोपऱ्यातला वेळू घेतला आणि गोळा ढकलत पूर्वेच्या पायरीला नेऊन लावला. आम्ही उभे राहिलो. गोळा जरा वेळ राहिला. मग वळला आणि सावकाश, कुणी दोर ओढावा तसा, पाणी कापत पश्चिमेला गेला. टक.

भिकाजीनं पुन्हा नेला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यानं वेळू खाली ठेवला. चाळीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस, पण तो पायरीवर खाली बसला.

“हेका घर कळता.”

मग मला भिंतीवरच्या खडूच्या रेघा दिसल्या. पाण्याच्या वर चार बोटं एक रेघ, तिच्यापुढं वेळ लिहिलेली, गुरुजींच्या वळणदार अक्षरात. रोजच्या दोन, भरतीसारख्या.

“शेजारच्या हिरींवर मोटारी चालतेत ना,” गुरुजी घाईनं म्हणाले. “त्यांनी वढलं की पाणी उतरतं, थांबल्या की चढतं.”

“आणि वीज नसते तेव्हा?”

गुरुजींनी एका रेघेवरून बोट फिरवलं. “तवा बी चढतं. शिक्षक हाय मी, दिसंल ते लिहून ठिवतो. मानत न्हाई.”

भिकाजीनं ओंजळ भरून पाणी तोंडात घेतलं. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होतो. “गोड,” तो म्हणाला, आणि का कोण जाणे, ते खारट निघालं असतं तर बरं, असं मला वाटलं. मग त्यानं माझं मनगट धरलं आणि हात पाण्यात बुडवला. गार. एप्रिलच्या आगीत सुखद, शहाणं, सव्वीस अंश गार.

“घ्या सायबानू. हो तुमचो समुद्र. हेच्या भरवशार थय पोवळी मेली.”

गाठ

त्या दुपारी ओसरीवर जो दरबार भरला तो मी जन्मात विसरणार नाही. माझी बाजू मी मांडली, हातवारे करकरून. पोवळी मरताहेत, समितीसाठी गोळा हवाच, तो नेला नाही तर बंदी लागणार नाही. गुरुजी ऐकत होते. रमा हळदीची गाठोडी बांधत होती. वर बघतच नव्हती.

“तुमच्या पोवळ्यांचं वाईट वाटतं, भाऊ,” ती शेवटी म्हणाली. “पण माझं माणूस तिकडं हाय. काहून काढू मी?”

मी हात खाली घेतले. नाटकी माणसाचं असंच होतं; समोरचा खरं बोलला की संवाद संपतात.

भिकाजी मात्र तिच्या हातांकडे बघत होता. ती गाठोड्याला गाठ मारत होती. दोन वेढे, एक उलटा फास, आणि टोक आत.

“गे बाय, ही गाठ तुका कोणी शिकवली?”

“त्यांनीच.”

“ही आमच्या वाडीची गाठ. दुसरीकडे खय मारणत नाय.” भिकाजी उठून तिच्यासमोर उकिडवा बसला. “तुझो घोव आमच्याच वाडीच्या होडीर शिकलो. तेचो मालक माका ठावक आसतलो. गावाक गेल्यार पयलो तेका विचारतंय, मगे घरात पाय टाकतंय.”

मालवणी तिला कितपत कळली कुणास ठाऊक. पण तिनं हातातलं गाठोडं खाली ठेवलं. मग तिनं तीन अटी सांगितल्या. गोळा कोरडा पडू द्यायचा नाही. बंद करायचा नाही. आणि काम झालं की नांगर न घालता पुन्हा समुद्रात सोडायचा; तो कुठं जातो, ते दर रविवारी एसटीडीवर फोन करून तिला सांगायचं.

“आन माझी बी एक हाय,” गुरुजी म्हणाले. त्यांनी वहीचा कागद आणि पेन माझ्यापुढं सरकवलं. “चूक कशी झाली ते लिवा. इथं, आमच्यासमोर.”

मी सराईत हातानं लिहिलं: ‘तांत्रिक कारणास्तव जागेची नोंद अचूक होऊ शकली नाही.’ गुरुजींनी वाचलं आणि कागद परत केला.

“हे तंत्र कोण? त्याला पेन धरता येतं?”

“तशी पद्धत असते, गुरुजी.”

“पद्धत मला सांगून राहिले! तीस वर्सं पोरं बघितली मी. पाटी फुटली की पोरगं म्हणतं, पाटी पडली. पाटी पडत नसती. कुणीतरी पाडतं.”

मग मी लिहिलं. ‘तीन महिने जागेचे आकडे माझ्यासमोर होते. मी ते वाचले नाहीत. मी मागीलप्रमाणे लिहिले. मी समितीला जे समुद्राचे पाणी म्हणून सांगितले ते कुरुंद्याच्या बारवेचे होते.’ खाली सही. साक्षीदार म्हणून गुरुजींची आणि रमाची. एवढं साधं मराठी मी कचेरीत आजवर लिहिलं नव्हतं.

गोळा काढताना पायऱ्यांच्या वर निम्मं गाव जमलं होतं, आणि कुणी बोलत नव्हतं. भिकाजी आणि मी तो उचलून आणत होतो. त्याच्या ओल्या गोणपाटाची गाठ रमानं मारली होती. आम्ही शेवटच्या पायरीवर आलो तेव्हा खाली, पश्चिमेच्या भिंतीशी, स्पष्ट ऐकू आलं. टक.

मी मागं वळून पाहिलं नाही. भिकाजीनंही नाही.

परत

परतीची वाट म्हणजे फजितीच. ओल्या गोणपाटात गुंडाळलेला गोळा मांडीवर घेऊन भिकाजी खिडकीशी बसला, आणि प्रत्येक स्थानकावर बाटलीनं त्याच्यावर पाणी घालू लागला. सोलापूरच्या पुढं कंडक्टर आला.

“काय आहे हे?”

“आजारी आसा,” भिकाजी म्हणाला. कंडक्टर दोन पावलं मागं सरकला आणि मुक्कामापर्यंत आमच्याकडे फिरकला नाही.

समितीच्या टेबलावर मी गोळा ठेवला, टपकत होता तसाच, आणि गुरुजींसमोर लिहिलेला कागद मोठ्यानं वाचला. चारही खात्यांनी आपापले कागद पाण्यापासून मागं ओढले. मग अध्यक्ष हळूच म्हणाले, “म्हणजे तीन महिने आपण कुरुंद्याचं रक्षण करत होतो?” कुणी हसलं नाही. बंदी त्याच दिवशी लागली. मला नोटीस मिळाली. ती मी जपून ठेवली आहे. पोवळ्यांपैकी काही पावसाळ्यानंतर रंगावर आली. बाकीची पांढरीच राहिली. ती माझ्या नावावर.

भिकाजीनं शब्द पाळला. मालकानं सांगितलं, मिलिंद मार्चच्या सुरुवातीलाच होडी सोडून उत्तरेकडच्या कुठल्याशा बंदरावर आणखी मोठ्या होडीवर गेला. कुठलं बंदर, ते त्याला आठवेना.

मे महिन्यात आम्ही गोळा समुद्रात सोडला. पोवळ्यांजवळ नवा बसवला होता. या जुन्याबद्दल मी कागदावर ‘प्रवाहाची दिशा पाहण्यासाठी’ असं लिहिलं. भिकाजीनं त्याला पाण्यात ठेवलं, आणि गोळा जरा वेळ होडीला टेकून राहिला. टक. मग निघाला.

पावसाळ्याच्या तोंडाला आमच्या किनाऱ्याचं पाणी दक्षिणेकडे वाहतं. लहान पोरालाही ठाऊक असतं. गोळा उत्तरेकडे गेला. रोज थोडा थोडा, प्रवाहाच्या विरुद्ध. वरिष्ठांनी आकडे पाहिले आणि म्हणाले, “उपग्रहाची चूक आहे. मागीलप्रमाणे लिहा.”

मी आकडे लिहिले.

दर रविवारी मी एसटीडीवर फोन लावत होतो. रमा आधीच येऊन बसलेली असायची. “आज पाणी किती?” ती विचारायची. “एकोणतीस.” “बंदी पाळून राहिले का लोक?” “पाळतात.” “आन त्यो कुठं हाय?” मी जागा सांगायचो. ती घरी जाऊन फळ्यावर लिहायची, असं गुरुजींनी पत्रात कळवलं. खाली एक ओळ होती: ‘गोळा नेल्यापासूनही बारवेचे पाणी दोन वेळा चढते. कळावे म्हणून कळविले.’

पाचव्या रविवारी मी म्हणालो, “ताई, चार दिवस झाले, तो पुढं जात नाही. उत्तरेला एका लहान बंदराच्या तोंडाशी थांबलाय. तिथंच फिरतोय.” आणि बंदराचं नाव सांगितलं.

तिनं ते नाव पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. मग रिसीव्हर हातातून हातात गेल्याचा आवाज आला, आणि गुरुजींचा खाकरा.

“हे बघा, आमी असलं मानत न्हाई.”

“माहीत आहे, गुरुजी.”

“निव्वळ योगायोग असतेत हे.”

“बरोबर.”

पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

“तिथं जायाला,” ते म्हणाले, “वसमतहून कंची गाडी धरावी?”